चोविसाव्या ओळीची मोहीम

धाकट्या मावशींचे हुजुरून हुकूम जाहला की, गोल टोकांच्या अक्षरांची मोहीम कैसी जाहली ते साद्यंत लिहिणे. त्याजवरून लिहिले ऐसे जे:

थोरल्या आक्कासाहेब कचेरीत टंकलेखनाच्या सुभेदार असता, जेवणाचे सुट्टीत टाइपरायटरवर विणकामाच्या पाननक्षीचा कागद करून त्यांनी धाकट्या बहिणीस इनाम दिधला. ओळ सरता यंत्राची घंटी वाजे, ती आक्कासाहेबांच्या अजून कानी आहे. सुलट टाक्यास उभी रेघ, उलट्यास टिंब, जाळीस शून्य, आणि प्रत्येकास एकच घर. मात्र चोविसाव्या ओळीस मावशींस दरवेळी एक टाका कमी पडे, आणि आक्कासाहेबांचा निवाडा ठरलेला, की टाका तुझाच गळतो; म्हणोन कागदावरील घरे कोणी मोजिलीच नाहीत. हा ठपका मावशींनी चाळीस वर्षे वागविला.

मग कागद जीर्ण जाहला, उजवी कड चिकटपट्टीखाली तपकिरी पडली, आणि टाइपरायटर भंगारात गेला. तेव्हा भाची, जी संगणकावर अक्षरांची वळणे घडवून पोट भरी, तिजला नक्कल करण्याचे फर्मान सुटले. तिने आपले डौलदार अक्षर पुढे घातले. त्यात टिंब चिमटीत मावले, शून्य ऐसपैस पसरले, आणि ओळी सरकून नक्षी फितूर जाहली.

मावशी वदल्या, "ही पानं का चपला गं?"

भाचीने नमते घेतले आणि नवे अक्षर मांडिले, ज्यात टिंब असो वा शून्य, सर्वांस सारखे वतन. पहिल्या खेपेस टोके धारदार, ती मावशींच्या डोळ्यांस टोचली. मग विणायच्या सुईचे बोंड पाहून सर्व टोके गोल केली आणि नजर अडखळेना. तेच अक्षर पुढे डब्यांच्या चिठ्ठ्यांस आणि औषधाच्या गोळ्यांच्या तक्त्यासही लागले.

मग कागद खिडकीच्या काचेस लावून पट्टीखालची चिन्हे वाचिली, आणि उतरवून पाहतात तो सर्व ओळी एका रेषेत आणि चोविसावी एक घर बाहेर. मावशींनी मोजिले, पुन्हा मोजिले, आणि तत्काळ परगावी फोन लाविला.

"आक्के, टाका माझा गळत नव्हता. टिंब तू जास्तीचं मारलंस."

पलीकडून जाब आला, "ते यंत्रच अडकायचं."

"आणि आईदेखत मला वेंधळी म्हणायचीस."

"म्हणायचे." मग मागणी आली, "एक प्रत मलाही पाठव. जरा मोठ्या अक्षरात."

जास्तीचे टिंब काढून प्रत रवाना जाहली. पंधरवड्याने आक्कासाहेबांकडून टपालाने विणलेले एक पान दाखल जाहले, सरळ, चोवीस ओळी पुऱ्या. सोबत चिठ्ठी नव्हती. मावशींनी ते उशापाशी ठेविले आणि ठपका दूर जाहला, ऐसी नोंद करविली.