कोषातले तज्ज्ञ

‘कशालाही हात लावायचा नाही,’ असं तज्ज्ञांना बायकोनं निघताना बजावून सांगितलं होतं. पण सुट्टीच्या दिवशी पोटभर जेवण झाल्यावर माणसाला मदत करायची हुक्की आली, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी त्याला अडवू शकत नाही.

ऑफिसात त्यांना सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत. कुठल्याच विषयातलं त्यांना काही कळत नसे आणि कुठल्याच विषयावर ते गप्प बसत नसत, त्यावरून पडलेलं हे नाव. काम आवक-जावकचं. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि नंबराप्रमाणे तो लावून ठेवायचा. एवढं मात्र त्यांना बिनचूक जमायचं, आणि घात झाला तो त्यामुळेच.

बायको कलावंत. ती झाडं, पानं, किडेमुंग्या निरखायची, त्यांचे आकार कॉम्प्युटरवर बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून लेझरनं कापून आणायची. ते जोडायचे खटके घरातल्याच थ्रीडी प्रिंटरवर निघत. हे यंत्र तज्ज्ञांच्या पलंगाशेजारी घरघरत असे. (तज्ज्ञांच्या आईंच्या मते दोघांपैकी यंत्राचं घोरणं सुसह्य होतं.)

आजवर तिची कामं घरातच टांगलेली होती. स्वयंपाकघराच्या दारातलं नेच्याचं पान तर तज्ज्ञांच्या कपाळाला रोज न चुकता लागायचं. आज मात्र नव्या ग्रंथालयाच्या निवड समितीतले गृहस्थ घरी येणार होते. त्यांना पसंत पडलं तर तिचं काम पहिल्यांदाच चार लोकांत, ग्रंथालयाच्या उंच दालनात टांगलं जाणार होतं. नाही पडलं, तर स्वयंपाकघर होतंच.

काम म्हणजे अळीचा कोष, पण माणूस सहज मावेल एवढा. दुधी रंगाचे, पानाच्या शिरांसारखी जाळी असलेले तुकडे एकमेकांत अडकवून तो उभा करायचा होता. बायको टांगायची तार आणायला बाजारात गेली, आणि तज्ज्ञांनी एक तुकडा उचलून पाहिला. मागे नंबर कोरलेला होता.

“आई, हे तर माझंच काम निघालं!”

आई कोचावर शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. “तिनं हात लावू नको म्हटलंय,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“तिला आश्चर्याचा धक्का देतो.”

“तो तू नेहमीच देतोस.”

बाहेरून दिसू नयेत म्हणून नंबर तुकड्यांच्या आतल्या अंगाला होते. ते नीट वाचता यावेत म्हणून तज्ज्ञ मधोमध स्टूल टाकून बसले आणि सगळे तुकडे त्यांनी जवळ ओढून घेतले. खट्, खट्, खट्! कमरेपर्यंत झालं, खांद्यापर्यंत झालं, आणि एकही नंबर मागेपुढे झाला नाही.

“अरे, पण तू बाहेर कसा येणार?” आईंनी विचारलं.

“आई, मध्ये बोलू नकोस. नंबर चुकतो.”

आई पुन्हा कोड्याकडे वळल्या. शेवटचा तुकडा डोक्यावर खट्कन बसला. तज्ज्ञांनी समाधानानं हात झटकले, उठायला गेले, आणि तेव्हा कुठे त्यांना आईच्या प्रश्नाचा अर्थ कळला. खटके एकदा बसले की सुटत नाहीत, हीच तर त्या कामातली करामत होती. बायको शेवटचा तुकडा शिडीवर चढून, बाहेरून बसवणार होती.

ती तारेचं भेंडोळं घेऊन आली आणि दारातच थबकली. कोष पुरा झाला होता. सुरेख झाला होता. आणि तो तिच्याशी बोलत होता.

“अगं, आधी ऐक. चिडू नकोस.”

“अहो! तुम्ही आत काय करताय?”

“मदत.”

तिचे डोळे भरून आले, आणि ते पाहून तज्ज्ञांना आपल्याच मुस्कटात दोन माराव्याशा वाटल्या. (आत तेवढा हात वळवायला जागा नव्हती.)

“एक तुकडा काप ना,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“कापला की ताण सुटेल आणि सगळा कोष उलगडून पडेल. ते समितीचे गृहस्थ आत्ता येतील हो!”

“मी विचारलं होतं याला,” आई म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. बायकोनं पदरानं डोळे पुसले. “पुतळा व्हा. अजिबात हलायचं नाही.”

“मला नाही जमणार गं.”

“ऑफिसात बसता तसे बसा.”

तज्ज्ञ तत्काळ दगड झाले.

समितीतल्या गृहस्थांनी कोषाभोवती सावकाश फेरी मारली. जाळीवरून बोट फिरवलं, सांधे दाबून पाहिले. “सुंदर! पानाच्या शिरा काय उतरल्यात, बाई! पण आत हे काय आहे?”

“ती… अळी आहे.”

गृहस्थांनी जाळीला डोळा लावला. “अळीला पुढे काहीतरी व्हायचं असतं हो. याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नाही.”

तज्ज्ञांचा चष्मा घसरला. सवयीनं त्यांनी तो वर सरकवला.

“हलतंय की!”

“मोटर आहे आत,” बायको घाईघाईनं म्हणाली.

“बरीच जुनी दिसते. फार दमून हलते.” गृहस्थ मागे सरकले. “कोष आमच्याकडून पसंत. दालनात मधोमध लावू. अट एकच, आतलं ते ध्यान काढून टाका. त्यानं सगळी शोभा जाते.”

बायको हसली आणि हसता हसता रडायला लागली. तज्ज्ञांना इतका आनंद झाला, की आपल्याला ध्यान म्हटलेलंही त्यांना गोड लागलं. आपली बायको ग्रंथालयाच्या मधोमध! त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण पुतळ्यानं तसं करू नये एवढी अक्कल त्यांना आता आली होती.

दारापर्यंत गेलेले गृहस्थ परत वळले.

“बाई, तो पुतळा टाकूनच देणार असाल तर मी नेऊ का? आमच्या गच्चीवर कबुतरांनी उच्छाद मांडलाय. उभा करून ठेवीन म्हणतो.”

आईंनी कोड्यातून मान वर काढली.

“न्या की,” त्या म्हणाल्या. “पण उपयोग नाही हो व्हायचा. आमच्याकडची कबुतरं याच्या डोक्यावरच येऊन बसतात.”