आबासाहेबांच्या जीपगाडीकरितां कंप्रेसर आणिला त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद वद्य पंचमी, दोन प्रहरी सारे राज्य निजले असता पाळण्याची कडी करकरली आणि बाईसाहेब मृदुला यांणी हातातली कंप्रेसरांची, म्हणजे रंगाच्या बंदुकीस हवा पुरविणाऱ्या यंत्रांची, यादी खाली ठेवून झोका दिधला. यादी करावयाचे कारण की, बाईसाहेबांचे वडील कैलासवासी आबासाहेब यांची जीप अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षे उभी होती. आबासाहेब दर दसऱ्यास स्वहस्ते ब्रशाने तिजला हिरवा रंग देत, ते थरावरचे थर बाईसाहेबांनी महिनाभर, लेकरू निजेल तितुका वेळ चोरून, खरवडिले आणि उघड्या पत्र्यास गंज धरो लागला. आता दसऱ्याच्या पूजेस गाडी रंगवूनच उभी करावी, असा बाईसाहेबांचा पण.

मग तान्हे लेकरू झोळीत, पाच वर्षांची कन्या कावेरी बोटास आणि यजमान निरंजनराव समवेत, ऐसी स्वारी मुनीर उस्तादांच्या दुकानी दाखल जाहली. यजमानांची नजर चाकाच्या लहानग्या लाल यंत्रावर बसली आणि बोलले, "अगं, हाच घे. आठ बार दाब आहे, उचलायलाही हलका." बाईसाहेब बोलल्या, "दाब आहे हो, दम किती?" आणि दम मोजावयास घड्याळ मागितले नाही. घरी रंगाची बंदूक कोरडीच फिरवून त्यांणी ताडिले होते, की एक दार रंगवावयास एक अंगाई लागते. सबब लाल यंत्रास जोडिलेल्या बंदुकीचा घोडा दाबला आणि भर दुकानात अंगाई आरंभिली. यजमान लाजून पान्यांच्या फळीकडे पाहो लागले. दुसऱ्याच कडव्यास लाल यंत्राचा काटा उतरला, यंत्र कडकडोन ओरडले आणि लेकरू दचकोन रडो लागले. "अर्धं दार कोरडंच राहिलं असतं," उस्ताद हसोन म्हणाले, "ताई, आता ह्या थोरल्याला गाऊन बघा." मग शंभर लिटर टाकीचे, पट्ट्यावर फिरणारे यंत्र लाविले. अंगाई संपली, काटा ढळला नाही आणि त्याच्या धीम्या धडधडीत लेकरू पुन्हा निजले. बाईसाहेबांनी पुसिले, "घरच्या विजेच्या लायनीवर चालेल?" "चालेल की. दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीत साचतं, तेवढं रोज सोडा." यजमान म्हणाले, "उस्ताद, बांधा लवकर, नाहीतर ही तिसऱ्यालाही गाईल."

खंडेनवमीस यंत्रास हळदकुंकू वाहिले आणि दसऱ्यास जीप हिरवीगार उभी राहिली. दम पाहोन यंत्र घेतले म्हणोन पण सिद्धीस गेला, इतुकाच मजकूर. मग कावेरीने दारावरून हात फिरवून पुसिले, "आई, हा तुझा हिरवा. आजोबांचा हिरवा कुठं गेला?"

बाईसाहेबांनी हातची झेंडूची माळ खाली ठेविली आणि शेडच्या भुईवर खरवडलेला एखादा हिरवा पापुद्रा राहिला आहे काय, ते शोधो लागल्या.