बिडी सोडवायची लस

यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, बाबा दंडारीच्या नाचगाण्यात गाणार म्हणजे गाणारच, असं दहावीतल्या उर्वशीनं अख्ख्या आंधळगावात सांगून टाकलं होतं! फक्त बाबांनाच सांगायचं राहिलं होतं.

बाबांचा, म्हणजे हेमराजचा, आवाज असा, की तलावापलीकडची माणसं जेवता जेवता हात थांबवायची. मग बिडीनं त्याचा दमच खाऊन टाकला. तीन वर्षं झाली, दंडारीचं नाव काढलं की तो खोकायचा, आणि खोकला थांबला की बिडी पेटवायचा. उर्वशीच्या फोनमध्ये त्याचं एक जुनं गाणं होतं, अर्धंच. ते जिथे तुटायचं, तिथे रोज तिचा जीव अडकायचा.

धान कापताना हेमराजच्या बोटाला विळा लागला. उपकेंद्रात भावना सिस्टरनं धनुर्वाताची सुई काढताच त्यानं डोळे घट्ट मिटून रामाचा धावा सुरू केला. इकडे उर्वशीचं डोकं चाललं! बिडी-सिगारेट सोडवणाऱ्या लशीचे प्रयोग झालेत, हे तिनं वाचलं होतं. अशी लस अजून बाजारात नाही, हेही वाचलं होतं. तेवढं वाक्य तिनं गिळलं.

"बाबा, सिस्टरनं तुमाले बिडीची लस टोचली! आता नशा रक्तातच अडकते, डोक्यात पोचतच नाही. कितीबी ओढा, धानाचं तणस ओढल्यावानी!"

"बोट कापलं, अन् लस बिडीची काहून?"

"दोन्ही रोगाले एकच सुई, बाबा!"

हेमराजनं एक झुरका घेतला, आभाळाकडे पाहिलं. "खरंच वो पोरी! काहीच लागून नाही राहिली!"

बिडी सुटली. हात मात्र तिथे खोचलेली बिडी शोधत उगाच कानामागे जायचा, बैल विकल्यावर रिकाम्या दाव्यावरून फिरावा तसा.

पंधराव्या दिवशी शेजारच्या शकुनबाईला सुगावा लागला, आणि दुसऱ्या सकाळी उपकेंद्रात अठरा बायका आपापले नवरे धरून हजर! कोणी लेकराचं लसीकरणाचं कार्डच आणलेलं. शकुनबाईनं नवऱ्याला, श्यामरावांना, दंडाला धरून पुढे ढकललं. "आमच्या यायले दोन टोचा सिस्टर, हे दिवसाले दोन बंडल ओढते!"

"बाई, ते धनुर्वाताची होती! बिडीची लस माह्यापाशी नाही!"

अठरा बायकांचे छत्तीस डोळे दारात उभ्या उर्वशीवर! ती धूम घराकडे पळाली. आता बाबा पुन्हा पेटवणार! पण बातमी तिच्याआधीच पोचली होती.

"खोटी तर खोटी," हेमराज ओठ मिटूनच बोलला. "सुटली ना? जा, दंडारवाल्याइले सांग, मी येतो."

मंडईच्या दुपारी ढोलकी वाजली. हेमराज उभा राहिला. एक ओळ आली, एकच, पण अगदी तीच! उर्वशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन वर्षं ती याच आवाजासाठी झुरली होती.

दुसरी ओळ आलीच नाही. ढोलकीवाला वाट पाहून राहिला, आणि हेमराज मंडपामागे पिंक टाकून राहिला. उर्वशी धावत गेली. त्याच्या हातात प्लास्टिकची पन्नी होती, पन्नीत सुपारी-तंबाखूचा ताजा घोटलेला खर्रा, आणि उरलेला सगळा गालात!

"बाबा! हे काय?"

"काहून?" हेमराज निरागसपणे म्हणाला. "तू तर बिडीचीच लस म्हणली होती ना!"