आमच्या गल्लीचा नंबर

शेषराव मामांना वार कळत नाहीत. आज काय आहे असं विचारलं तर ते क्षणभर रस्त्याकडे बघतात आणि सांगतात, "आज कादराबादचं पाणी." माझी मुलगी कधी जन्मली हे मला तारखेनिशी सांगता येतं, बायकोला वेळेनिशी. मामा सांगतात, भाग्यनगरचे नळ नुकतेच गेले होते आणि चंदनझिऱ्याचे यायचे होते. तिघांचाही हिशेब बरोबर निघतो.

मामा जालन्यात एकतीस वर्षं वॉलमन होते. ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी असतं त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगतो. आमच्याकडे पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, एकेका भागाला नंबरानं. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली पाणी सोडायचा वॉल असतो आणि तो छातीएवढ्या उंच चावीनं फिरवावा लागतो. चावी फिरली की त्या भागात "नळ आले, नळ आले" अशी हाक उठते आणि दाढीला बसलेला माणूस अर्ध्या गालानिशी बाहेर येतो. ही चावी मामांच्या खांद्यावर असायची. नंबरावर त्यांचा एवढा भरवसा, की कोणी बढतीसाठी तळमळत असो की नातवासाठी, मामांचं उत्तर एकच: "नंबर हाय, येईल."

मी मूळचा मंठ्याचा, पेशानं शिक्षक. बदलीनं इथं आलो तेव्हा जालना म्हणजे मोठ्या शहराकडे जाण्याआधीचा एक थांबा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामांच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "ड्रम किती आणले?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, दोन बादल्या आहेत. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदव्यांची लाज वाटली. संध्याकाळी एक निळा ड्रम माझ्या दारात उभा होता.

शहरातल्या वस्त्यांबद्दल मामांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. माणसाचा स्वभाव तो पाइपलाइनीवर कुठं राहतो यावरून ठरतो म्हणे. लाइनीच्या तोंडाशी राहणारी माणसं जरा अकडू, कारण त्यांना पाणी धो धो मिळतं. मधली माणसं व्यवहारी. शेवटाला राहणारी धीराची. एकदा आमच्या शाळेतले एक सहकारी मुलासाठी पाहिलेल्या मुलीची माहिती काढायला मामांकडे आले. मामांनी शिक्षण विचारलं नाही, रंग विचारला नाही. घर कुठं, एवढंच विचारलं. मस्तगडच्या चढावर, असं कळताच म्हणाले, "मंग बिलकुल होकार द्या. तिथं पाणी वीस मिनिटं टिकतं. वीस मिनिटांत घर भरणारी पोरगी कुठंच अडायची न्हाई." लग्न झालं. त्या सुनेनं वर्षभरात सासऱ्याचं किराणा दुकान हाताखाली घेतलं आणि सहकारी आता सुखानं निवृत्त आहेत.

इतके दिवस मी या सगळ्याला हसत होतो. मग एका सकाळी मी मामांसोबत भाजी घेऊन येत होतो. चौकात पाइप कुठंतरी फुटला होता, पण कुठं ते सापडत नव्हतं. कामावरच्या लोकांनी दोन खड्डे खणले होते, दोन्ही कोरडे. मामांना निवृत्त होऊन तेव्हा महिना होत आला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, तिथल्या माणसाची चावी घेतली, रस्त्यावर उभी टेकवली आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावला. डोळे मिटले. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली, कोणी न सांगता. मामा दोन पावलं सरकले, पुन्हा कान लावला, पुन्हा सरकले. शेवटी रसवंतीच्या पुढं पायानं एक रेघ ओढली. तिथं खणलं आणि कमरेइतक्या खोलीवर पाणी उसळून वर आलं.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पायाखाली अख्खं शहर वाहतंय आणि या माणसाला ते ऐकू येतंय. मी भारावून काहीतरी बोलायला गेलो, तर मामांनी पिशवी परत घेतली आणि म्हणाले, "चला जल्दी, मेथी सुकून राह्यली."

त्याच महिन्यात मामांच्या पत्नी, कौसामामी गेल्या. बोलायला अगदी कमी, हसायला पुढं अशी बाई. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात घर रिकामं झालं. मुलगा पुण्याला असतो. तो आला आणि मामांना घेऊन गेला. आता कायमचे तिकडेच राहा म्हणाला. निघताना मामांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि आमच्या भागाचं पाणी कधी सुटणार ते पुढच्या सहा पाण्यांपर्यंत तोंडी सांगून ठेवलं.

मामा आठव्या दिवशी परत आले. का परत आले, याची एक गोष्ट त्यांनी स्वतःच गल्लीभर सांगितली. मुलाच्या सोसायटीत दोन इमारती. तिसऱ्या दिवशी पहाटे फिरता फिरता मामांना पार्किंगमध्ये दोन वॉल दिसले. शेजारी उभं राहून त्यांनी अर्धा तास मोजला आणि पहिल्या इमारतीचा वॉल बंद करून टाकला. "अर्धा घंटा झाल्ता ना. दुसऱ्या बिल्डिंगचा नंबर नको का?" असा त्यांचा सवाल. वर अकरा मजल्यांवर माणसं तोंडाला साबण लावून उभी होती. मुलाला सोसायटीच्या सभेत माफी मागावी लागली. आम्ही पोट धरधरून हसलो आणि शरमेनं परत आले असतील, असं धरून चाललो.

इथं मामांच्या जागी मुख्तार आला होता. मामांनीच त्याला काम शिकवलेलं. मामा परतल्यावर त्यानं उस्तादांचा मान म्हणून एक गोष्ट केली, आमच्या गल्लीचा नंबर पहिला लावला. आजवर आमची गल्ली आमच्या भागात शेवटची. पाणी यायला दुपारचे बारा वाजायचे आणि तेही करंगळीएवढं. त्या दिवशी सकाळी सातलाच नळ गरजले. साडेसातला सगळ्यांचे ड्रम भरून झाले. बायकांनी मुख्तारला चहा पाजला. मामा मात्र सरळ घरात गेले आणि पुढच्या पाण्याला आमची गल्ली पुन्हा शेवटी. मुख्तार म्हणाला, मामांनीच येऊन बदलायला लावलं.

गल्ली खवळली. म्हातारा फिरला, इथपासून सुरुवात झाली. मामांशी बोलायला मला पाठवायचं ठरलं, कारण मी शिक्षक आणि शेजारी. त्याच्या पुढच्या पाण्याच्या दिवशी रजा टाकून मी दहाच्या सुमारास त्यांच्याकडे गेलो. मामा उंबऱ्यावर बसले होते. समोर कोरडा नळ आणि नळाखाली मामींचा तांब्याचा हंडा, चिंचेनं लख्ख घासलेला.

मी सरळ विषय काढला. गल्ली नाराज आहे म्हणालो. बायका दुपारपर्यंत अडकून पडतात, पहिला नंबर चालून आला होता, तो घालवलात का? मामांनी हंडा नळाखाली नीट सरकवला. मग त्यांनी सांगितलं, की आमची गल्ली शेवटी टाकली ती त्यांनीच, नोकरीला लागले त्या वर्षी. वॉलमननं आधी आपलं घर भरलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

"तुमची मामी हितंच बसायची," ते म्हणाले. "सात वाजता हंडा मांडायची. मी समदं गाव पाजून बाराला हिकडं यायचो. एकतीस साल. ती कधी बोलली न्हाई, अन् मी बी कधी इचारलं न्हाई, किती येळ बसलीस म्हणून."

त्यांनी हंड्याच्या काठावरून हात फिरवला. "आता बसून बघून राह्यलो. लई येळ लागतो, सर."

 पुण्याचं काय, एवढंच मी विचारलं.

"पोरगा चांगला हाय. सून बी लई जीव लावती. पर तिथं नळ कधी जातच न्हाई. मंग माणसानं वाट कशाची बघावी?" मग हळूच म्हणाले, "मुख्तारला सांगतो मी. गल्लीला तरास नको. हे एवढं वर्साचं पाणी होऊ द्या."

वर्षाचं पाणी म्हणजे मामींचं वर्षश्राद्ध होईपर्यंत. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही न करता नळासमोर बसलो होतो, आणि खरंच फार वेळ लागतो. अकराला समोरच्या घरातून फोन आला, सर बोललात का मामांशी? मी म्हणालो, "बोललो. नंबर आहे, येईल."

बाराला नळानं हवा सोडली, मग बारीक धार लागली. हंडा भरायला बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात मामांनी एकदाही धारेकडे पाहिलं नाही. ते मान वळवून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते, खांद्यावर चावी टाकून ते स्वतः जिकडून यायचे तिकडे.