खैरनार मामा एजंट ठेवतात

आमच्या समोरच्या खैरनार मामांनी मला भाडेकरू म्हणून नापास केलं आहे. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी तर मी बायकोला सोबत घेऊन गेलो होतो. खरं म्हणजे मला घर भाड्यानं नकोच होतं. मी इंदिरानगरातच, मामांच्या फाटकासमोर, स्वतःच्या घरात राहतो. पण नापास ते नापास. घरी येऊन त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही.

आधी मामांविषयी सांगायला हवं. मामा मूळचे सटाण्याकडचे. नाशिकला येऊन त्यांचा जन्म गेला, बोलणं अगदी शहरी झालं, पण वाक्याच्या सुरुवातीचं अहिराणी ‘कसं शे’ काही सुटलं नाही. सगळी नोकरी त्यांनी आरटीओत काढली. वाहन चालवण्याची परीक्षा घ्यायची, हे त्यांचं काम. मैदानावर खुर्ची टाकून बसायचं, समोरच्याला दुचाकीवरून आठचा आकडा काढायला लावायचा, आणि पाय जमिनीला टेकला की म्हणायचं, “नापास. पुढच्या तारखेला या.” निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, मैदान गेलं, पण ते वाक्य तोंडातच राहिलं. भाजीवालीची वांगी नापास होतात. गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळी चप्पल वाकडी काढली म्हणून नापास होतात. एकदा आमच्या घरचं लग्नाचं जेवण जेवून त्यांनी मठ्ठ्याला नापास केलं आणि व्याह्यांना पुढच्या तारखेला या म्हणाले.

मामांचं घर दुमजली. खाली ते एकटे. लग्नाचं राहून गेलं, असं ते सांगतात. एखादा निरोप द्यायचा राहून जावा तसं. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या बहिणीला, सुमीला, यांनीच वाढवलं. सुमीचं लग्न झाल्यावर वरचा मजला बांधला तो तिच्यासाठी. ती, नवरा आणि दोन मुली तिथेच राहायची. त्या मुलींचे ते मामा, म्हणून सगळ्या गल्लीचे मामा. मग नवऱ्याची कंपनी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गेली, रोजचं जाणंयेणं झेपेना, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमीनं बिऱ्हाड सिन्नरला हलवलं. वरचा मजला रिकामा झाला.

पावसाळ्यात मामा तापानं पडले. आम्ही नेमके गावी गेलो होतो. दूधवाल्यानं पिशव्या दाराशीच पडलेल्या पाहिल्या तेव्हा कुठे कळलं. सुमीताई धावत आली, रडली, रागावली, आणि जाताना मला ऐकू येईल अशा आवाजात बजावून गेली, “दादा, दिवाळीपर्यंत वर भाडेकरू आला पाहिजे. माणसं हवीत वर. नाहीतर मी तुला उचलून सिन्नरला नेणार.”

मामांना सिन्नरचं वारं मानवत नाही. गोदावरीच्या पलीकडचं म्हसरूळसुद्धा त्यांना परगाव वाटतं. त्यामुळे ते कामाला लागले, म्हणजे विचाराला लागले. प्रश्न एकच: भाडेकरू आपण स्वतः शोधायचा, की एजंट ठेवायचा?

“कसं शे,” ते मला फाटकात उभं करून म्हणाले, “एजंट म्हणजे लग्न जमवणारा. जेवून जातो, नांदायचं आपण. पण एजंट नसला, तर ‘नाही’ कोण म्हणणार? तोंडावर नाही म्हणायला मला जमत नाही.”

आयुष्यभर लोकांना तोंडावर नाही म्हणून पगार घेतलेला हा माणूस. 

शेवटी एजंटशिवाय जमतं का बघायचं, म्हणून सराव ठरला. भाडेकरू मी. सांगितलेल्या वेळी गेलो तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून दारात.

“या. काय काम आहे?”

“मामा, तुम्हीच बोलावलंत की.”

“मी मामा नाही. मी घरमालक. मागे जा, बेल वाजवा, परत सुरू करा.”

मी बेल वाजवली. प्रश्न सुरू झाले. नळ चालू ठेवून कधी बाहेर गेलात का? फोडणी दिल्यावर आधी खिडकी उघडता की पंखा लावता? मग मुख्य प्रश्न. “गच्चीवर तुमचे पापड वाळताहेत. शेजारी मालकाचे पापड वाळताहेत. पाऊस आला. आधी कोणाचे उचलाल?”

“मालकाचे,” मी हुशारीनं म्हणालो.

“खोटं बोलता. नापास. पुढच्या तारखेला या.”

पुढच्या तारखेला मी बायकोला, अर्चनाला, घेऊन गेलो. ती म्हणाली, “जे हाताशी येतील ते उचलीन. पावसात पापडावर नाव कोण वाचतं?”

मामा खूश झाले. “बाई पास! पण नवराबायकोचा निकाल एकत्र लागतो. दोघं नापास.”

तोंडी झाली की प्रात्यक्षिक. मामांकडे एक सागवानी खाट आहे. ती भाडेकरूनं जिन्यानं वर चढवून दाखवायची. जिना बाहेरून, अरुंद, आणि मधे काटकोनात वळतो. “सामान कसं चढवतो त्यावरून माणूस कळतो. भिंतीला घासतो का, कठड्याला ठोकतो का. हा घराचा आठ आहे,” मामा म्हणाले. माझी पाठ तीन दिवस दुखत होती. मी यापुढे भाडेकरू व्हायला साफ नकार दिला, म्हणून मामा एजंटांकडे वळले.

पहिला एजंट आला तो दोन फोन आणि अत्तराचा वास घेऊन. त्याची परीक्षा उलटी. मामा भाडेकरू झाले आणि त्याला म्हणाले, “मला हे घर दाखवा.” तो गडी तयारीचा होता. मामांचंच घर त्यानं मामांना असं दाखवलं की मी बघत राहिलो. हवा काय, उजेड काय! गॅलरीत नेऊन म्हणाला, “इथून पांडवलेणीचा डोंगर.”

“कुठे आहे?”

“समोरच्या बिल्डिंगच्या मागे. डोंगर कुठे जातोय काका? बिल्डिंगच मधे आलीय.”

शेवटी तो म्हणाला, “असं घर नाशिकमध्ये मिळणार नाही.” मामा गंभीर झाले. घरभर पुन्हा एक चक्कर मारली. मग म्हणाले, “तुम्ही म्हणता ते पटलं. असं घर मिळत नाही. मग मी ते भाड्यानं कशाला देऊ?” आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरा सरळमार्गी होता. खिशात टेप. मोजलं, टकटक केलं, आणि खरं ते सांगितलं. जिना अंधारा आहे, दुपारचं पश्चिमेचं ऊन सरळ स्वयंपाकघरात येतं, न्हाणीघराचा दार फुगलाय असं म्हणता म्हणता तो सुधारून म्हणाला, “दार फुगलंय.” मामांनी त्याला व्याकरणासाठी अर्धा गुण दिला आणि बाकी सगळ्यात नापास केलं. संध्याकाळपर्यंत ते धुमसत होते. “ऊन येतं म्हणे! सूर्याला मी बोलावलं होतं का?”

अशी दिवाळी जवळ येत चालली. सुमीताई फोन करी. मामा म्हणत, “एजंटचा विचार चालू आहे.” मग तिचा फोन मला येई. “दादा, म्हणजे आमचा दादा हो, नक्की काय करतोय?” मी म्हणे, “परीक्षा घेताहेत.” तिकडून मोठा उसासा.

एका सकाळी आम्ही दोघं फाटकाशी उभे असताना गल्लीत एक स्कूटर आली. चालवणारी पन्नाशीची बाई, डोक्यावर हेल्मेट, पदर घट्ट खोचलेला. घर जरा मागे राहिलं म्हणून तिला वळायचं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तरी बाईनं आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, उजवा हात लांब करून दाखवला, आणि पाय न टेकता सुरेख वळण घेऊन आमच्यासमोर थांबली.

मामांनी माझं मनगट धरलं. “हात दाखवला! पाहिलंत? रिकाम्या रस्त्यावर हात दाखवला!”

बाईनं हेल्मेट काढलं. “नमस्कार साहेब. मी गायकवाड. घरं भाड्यानं लावून देते. तुम्ही मला ओळखणार नाही. मला तुम्ही तीनदा नापास केलं होतं.”

मामांचा चेहरा असा उजळला, जणू बक्षीस समारंभात नाव पुकारलं असावं. “म्हणून तर हात दाखवता!”

“हो ना. आणि म्हणून अजून जिवंत आहे. चला, घर दाखवा.”

तिनं घर पाहिलं. स्तुती नाही, निंदा नाही. मामांनी पापडांचा प्रश्न काढला तेव्हा म्हणाली, “साहेब, पापड नंतर. तुम्ही गल्लीभर विचारत फिरताय, एजंट ठेवू की नको. ते सोपं आहे. मला ठेवा नाहीतर दुसऱ्याला, नाहीतर दारावर पाटी लावा. आधी एवढं सांगा, घर द्यायचंय का तुम्हाला?”

  मामा “चहा टाकतो” म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी आत जाऊन पाहिलं तर चहा उकळून आटला होता आणि मामा गॅसपुढे उभे होते.

“कसं शे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसरं कुणी राहायला आलं, की सुमीचं घर म्हणता येणार नाही.”

मी गॅस बंद केला. दुसरा चहा टाकला. बाहेर येऊन मामांनी गायकवाडबाईंना सांगितलं, “आणा कुणालातरी. पण खाटेची परीक्षा होणार.”

“होऊ द्या,” बाई म्हणाल्या.

रविवारी त्या येवल्याकडचं एक कुटुंब घेऊन आल्या. संदीप अंबडच्या कारखान्यात, त्याची बायको मनीषा एका दवाखान्यात कामाला, आणि संदीपची आई, ठसठशीत कुंकू लावलेल्या. तोंडी परीक्षेत ते कसेबसे निघाले. मग खाट आली. मामा वरच्या पायरीवर उभे राहून मैदानावरच्या आवाजात आज्ञा देऊ लागले. “डावीकडे घ्या! आता उभी करा! आता फिरवा! फिरवा म्हणतो ना!”

संदीपनं फिरवली. खाट वळणावर गेली आणि रुतली. वर जाईना, खाली येईना. चारही पाय कठड्यात आणि भिंतीत असे बसले, जणू ती तिथेच घडवली होती. खाली आम्ही, मधे खाट, आणि वर मामा. उतरायला दुसरी वाटच नव्हती.

खालून म्हातारी ओरडली, “आरं, कुणी सांगितलं फिरवायला? आडवीच न्यायची व्हती! लय शिकलेले सारे, खाट नाय चढवता येत!”

“मी सांगितलं,” वरून मामांचा बारीक आवाज आला.

सगळी गल्ली जमली. प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि प्रत्येक उपायानं खाट आणखी घट्ट बसली. सुताराला निरोप गेला, पण रविवार असल्यामुळे तो जेवल्याशिवाय येणार नव्हता. मामांची जेवणाची वेळ झाली. तेव्हा म्हातारीनं पदर खोचला, आपल्या पिशवीतला डबा काढला आणि खाटेच्या पट्ट्यांमधून भाकरी वर सरकवली. पाठोपाठ ठेचा. मग मनीषानं अर्चनाकडून वाटीत वरण आणून दिलं. मामा वर पायरीवर बसून जेवले, म्हातारी खाली पायरीवर बसून जेवली, आणि खाटेच्या आरपार दोघांच्या कांद्याच्या गप्पा रंगल्या. येवल्याचा टिकतो की सटाण्याचा, यावर दोघंही मागे हटेनात.

“तुमचा माल कांदाचाळीतच सडतो!” मामा ओरडत होते.

“आन तुमच्याला वासच नाय!” म्हातारी.

सुतारानं येऊन खाटेचा एक पाय काढला तेव्हा मामांची सुटका झाली. खाली आले तर कपड्यांवर भिंतीचा चुना. गायकवाडबाई गंभीरपणे म्हणाल्या, “साहेब, निकाल?”

मामांनी सगळ्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. “परीक्षा रद्द. चूक परीक्षकाची. सगळे पास.”

दिवाळीच्या आधीच सामान आलं. त्या दिवशी मी संध्याकाळी कामावरून परतलो तर मामा रस्त्याच्या आमच्या बाजूला, माझ्या फाटकाशी, पाठीमागे हात बांधून उभे. वर पाहत होते. मला वाटलं, गॅलरीत काहीतरी नापास करण्यासारखं दिसलं असेल.

“काय बघताय मामा?”

“दिवे,” ते म्हणाले.

वरच्या तिन्ही खिडक्या उजळल्या होत्या. आत म्हातारी कुणालातरी दरडावत होती, भांडी लागत होती.

“दिवे तर रोजच असतात की वर,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं. सुमीताई उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून वर राहत कोण होतं?

“रोज मीच लावायचो,” मामा म्हणाले. “दिवेलागणीला वर जायचं, सगळे दिवे लावायचे, खाली येऊन फाटकाबाहेर एक चक्कर मारायची, मग घरात शिरायचं. कसं शे, येताना वर उजेड दिसला, की कुणीतरी आहेसं वाटतं.”

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं वर स्वयंपाकघरातला दिवा बंद झाला आणि गॅलरीतला लागला.

“बघा,” मामा हळूच म्हणाले, “तो कधी लागेल ते मला ठाऊक नव्हतं.”