लढाई संपली का?

संग्रहालयातली रशियन जीप रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, "लढाई संपली का?" आणि रंगनाथ भिंगारदिवे तिच्या बॉनेटवरची धूळ पुसत सांगायचा, "अजून न्हाई, बाई."

तिचं नाव गाझ. दुसऱ्या महायुद्धात एका पुलापाशी तिचा ड्रायव्हर स्टेपान उतरला आणि म्हणाला, लढाई संपेपर्यंत थांब, मग घरी जाऊ. पुढे तिला उचलून कुठे कुठे नेलं, शेवटी भेट म्हणून इकडे पाठवलं, तरी तिच्या लेखी ती थांबलेलीच होती. मराठी ती रंगनाथकडूनच शिकली.

पहिल्यांदा रंगनाथने थट्टेत थाप मारली. बायको गेल्यावर मात्र तो मनापासून खोटं बोलू लागला. संपली म्हटलं की गाझ घरी जाणार, आणि मग सकाळी त्याला काही विचारणारं कोणीच उरणार नव्हतं.

नव्या प्रमुख कर्णिक मॅडमच्या कानावर हे गेलं. वस्तूंना चुकीची माहिती देता येत नाही, असं त्यांनी शांतपणे बजावलं. जीपला जायचं असेल तर फाटक उघडून द्यावं.

दुसऱ्या दिवशी रंगनाथने प्रवासाला निघणाऱ्याला द्यावं तसं चमचाभर दही बॉनेटवर ठेवलं. "ती कवाच संपली, बाई. तुमी जितलात."

गाझने इंजिन चालू केलं आणि फाटकापर्यंत गेली. तिथे पहारेकऱ्याच्या रेडिओवर कुठल्याशा लढाईच्या बातम्या लागल्या होत्या. ती थांबली.

"मग ही कंची?"

"ही येगळी."

"स्टेपाननं कंची ते सांगितलं न्हवतं. नुसतं लढाई म्हणला."

मॅडमना बोलावणं गेलं. भर उन्हात मडगार्डवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ विचार केला. स्टेपानच्या हुकमात एक शब्दही वाढवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा शेवटची लढाई संपेपर्यंत हुकूम लागू राहील. गाझला ते पटलं. ती मागे वळून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

रंगनाथच्या मनासारखं झालं होतं. तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी तो सगळ्या बातम्या ऐकूनच कामावर आला. बॉनेटवर वाळलेलं दही तो पुसत राहिला.

"लढाई संपली का?"

इतकी वर्षं हे उत्तर त्याच्या तोंडून सहज निघायचं. आज ते खरं होतं, आणि त्याला ते बोलवेना. दही निघून गेलं तरी फडकं फिरतच होतं.

"अजून न्हाई, बाई."