गुलाबभाऊंची कातरलेली टोपी

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. पुलगावात आमच्या शेजारी मिलमधले गुलाबभाऊ राहायचे. डोक्यावर काळी फेल्टची टोपी, आणि टोपीला गोल गोल भोकं. उंदरानं कुरतडलेली नव्हेत हो, त्यांनी स्वतः कातरलेली! त्या फेल्टच्या चकत्या तेलात भिजवून ते सायकलच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, दोन्ही तोंडांशी बसवायचे. मला सांगायचे,

"वयनी, मानूस पोटानं मरते अन् चाक धुळीनं. आत लोखंडी छर्रे हायत, त्यायच्यावरच चाक फिरते. काळ्या मातीचा एक कन गेला का जात्यावानी दळत बसते. तोंड बंद ठेवा, वरीसभर खोलाचं काम नाई!"

नाला आला की सायकल खांद्यावर. लोक हसायचे, "गुलाबभाऊ, तुमी सायकलीवर बसता का सायकल तुमच्यावर?"

"माह्यं आंग वाळते, हब नाई वाळत."

बायको मागेच वारलेली. एकुलती लेक शांता रोहण्याला दिली. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग बिनकामाचं जायचं कसं? व्याही विचारायचेच, "काऊन आलते, भाऊ?"

"जावयाच्या सायकलीचा हब पाहाले."

घरून नेलेल्या चंबूतलं पाणी पीत, अर्ध्या घंट्याचं काम ते दिवेलागणीपर्यंत पुरवायचे. शांता आपली दारात डाळ निवडत बसायची. ती डाळही तेवढीच पुरायची.

रोहणं माझं माहेर. एकदा गेले, तर शांता नवऱ्याची सायकल उलटी टाकून, केसातल्या आकड्यानं हबमधली चकती उकरत होती.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"काकू, बाबाले सांगू नको वं. मागच्या बारीनं लयच पक्कं बसवलं त्यायनं. मंग वरीसभर येतीन काऊन?"

दुपारी गुलाबभाऊ आले. हबला डोळा लावला. आकड्याचे ताजे ओरखडे मला उभ्यानं दिसत होते, त्यांना दिसले नसतील? मग टोपी काढली आणि कातर मागितली.

"शांते, लय धूळ हाय बाई तुया गावात."

"मंग? मी तं सांगतच होती," डाळीतून मान वर न काढता ती म्हणाली.

एका टोपीच्या चकत्या जन्मभर पुरतात, असं भाऊ सगळ्यांना सांगायचे. पण नातवाच्या बारशाला लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवायला पाटावर बसले, तेव्हा त्यांचं डोकं बोडकं होतं.